लोकरीचे रंग एकमेकांत विरघळत गेल्यासारखे कसे विणावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: बहिणीच्या बाळासाठी पांघरूण विणायला घेतलंय. मरून, फिका गुलाबी आणि साय असे तीन रंग, चार प्लायची लोकर, १० नंबरच्या सुया. वीतभर मरून झाल्यावर गुलाबी लावला, तर मध्ये अशी ठळक रेघ उमटली की सगळं सतरंजीसारखं दिसायला लागलं. दोनदा उसवलं. रंग हळूहळू उतरत जावा, यासाठी काय करावं?

ताई, तुमच्या हातात काही खोट नाही. एकेरी धाग्याने मरूनवरून थेट फिक्या गुलाबीवर गेलं तर रेघ कोणाच्याही हातून उमटणारच. मी भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. धानाची कापणी-चुरणी आटोपली आणि थंडी पडली की आमच्या सपरीत लोकर निघते. अशी रंग उतरत जाणारी पांघरुणं आणि शाली मी बऱ्याच विणल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. रंगाच्या डब्यात रंग मिसळतात ते दूध-पाण्यासारखे. लोकरीत तसं कधीच होत नाही. लोकरीत रंग तीळ-तांदळासारखे मिसळतात, प्रत्येक टाका आपला रंग धरूनच राहतो. आपल्याला एवढंच करता येतं की तीळ आणि तांदूळ इतके बारीक करायचे आणि असे पसरायचे की दोन हातांवरून बघणाऱ्याला ते दूध-पाणी वाटावं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

रेघ असते त्याहून जास्त ठळक दिसते, त्याचंही कारण आहे. पॅरिसला गोबलँ नावाचा, भिंतीवर टांगायची चित्रं विणणारा जुना कारखाना आहे. तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख १८२४ पासून शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. काळा रंग फिका येतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर काळ्यात काही दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो डोळ्यांना फिका वाटत होता. पुढे १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठं पुस्तकच लिहिलं. गडद आणि फिका रंग एकमेकांना टेकले की सीमेवर गडद आणखी गडद वाटतो आणि फिका आणखी फिका. तुमच्या मरून-गुलाबीच्या सीमेवर नेमकं हेच होतंय. म्हणून ते दोघे एकमेकांना थेट भेटणारच नाहीत, अशी व्यवस्था करायची.

त्यासाठी माझी पहिली पसंती एकच: दोन धागे एकत्र धरून विणा आणि एका वेळी त्यातला एकच धागा बदला. सुरुवातीला मरून-मरून. मग एक मरून तसाच ठेवून दुसरा गुलाबी. मग गुलाबी-गुलाबी. मग गुलाबी-साय, आणि शेवटी साय-साय. तीन रंगांच्या पाच छटा झाल्या. कुठल्याही दोन शेजारच्या छटांमध्ये एक धागा सामाईक असतो, त्यामुळे डोळ्याला उडी मारावी लागत नाही. शिवाय एक धागा सलग असल्याने जोडाच्या जागी भोकही पडत नाही.

तुमच्या रंगांत मात्र एक अडचण मला दिसते. गुलाबी ते साय हे अंतर थोडं आहे आणि मरून ते फिका गुलाबी हे फार मोठं आहे. ते दोन धागे एकत्र विणले तर छटा न दिसता ठिपके दिसतील, काळ्या घोंगडीवर पांढरे केस पडल्यासारखे. मध्ये एक डाळिंबी किंवा गडद गुलाबी रंग घ्या. चार रंग झाले की छटा सात होतात. पांघरूण ९० सेंटीमीटर लांब करणार असाल तर प्रत्येक छटेला साधारण १३ सेंटीमीटर मिळतील.

रंग निवडताना रंगाच्या नावापेक्षा त्याचा गडदपणा बघा. दुकानात सगळे गुंडे एका ओळीत ठेवायचे आणि डोळे अगदी बारीक करून बघायचं. ज्या दोघांमधली सीमा पुसट होते ते एकमेकांत छान मिसळतात. आता मोबाइल आहे तर आणखी सोपं, फोटो काढून तो काळा-पांढरा करा. राखाडीच्या पायऱ्या सारख्या अंतराने उतरत असतील तर वीण चांगली येणार. हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली करू नका. गुंडे घेऊन दारात, उन्हाच्या उजेडात या. दिव्याखाली एकसारखे वाटणारे दोन रंग उन्हात वेगळे निघतात.

आणखी एक, रंगचक्रातले समोरासमोरचे रंग, म्हणजे केशरी आणि निळा किंवा लाल आणि हिरवा, दोन धागे एकत्र धरून विणू नका. लांबून ते मातकट दिसतात. तुमच्या रंगांत ही भीती नाही, पण पुढे कधी उपयोगी पडेल.

आता लोकर किती आणायची. इथे बहुतेक जणी फसतात आणि मीही फसले होते. मला पळसाची शाल विणायची होती. आमच्याकडे फाल्गुनात धुऱ्यावरचे पळस पेटतात, ते फूल हातात घेऊन बघितलंत तर देठाकडची वाटी काळपट तपकिरी, मखमली असते आणि पाकळ्या केशरी. मला तपकिरीतून केशरी आणि केशरीतून पिवळा काढायचा होता. तिन्ही रंगांचे सारखे गुंडे आणले. तपकिरी उरला, पिवळा उरला आणि केशरी अर्ध्यातच संपला. मधला रंग दोन्ही बाजूंच्या छटांत लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परत त्याच दुकानात गेले, त्याच कंपनीचा त्याच नंबरचा केशरी आणला. रात्री दिव्याखाली विणताना काही कळलं नाही. सकाळी अंगणात शाल पसरली तर नव्या केशरीची रेघ स्पष्ट दिसली. लेबलवर रंगाच्या नंबरशेजारी लॉट नंबर असतो, तो वेगळा होता. एकाच रंगाच्या दोन घाण्यांत थोडा फरक पडतोच. सहा इंच वीण उसवताना सासूबाई म्हणाल्या, “काहून उसवतेस बाई, कोण बघते?” मला दिसत होतं, म्हणून उसवली.

तर हिशोब असा. चार रंग, दोन धागे, सात सारखे पट्टे. कडेच्या दोन रंगांना प्रत्येकी तीन भाग लागतात, मधल्या दोघांना प्रत्येकी चार. एकूण चौदा. समजा सगळी मिळून ४२० ग्रॅम लोकर लागणार असेल, तर मरून आणि साय ९०-९० ग्रॅम, डाळिंबी आणि गुलाबी १२०-१२०. प्रत्येकी एक गुंडा जास्तच घ्या आणि लॉट नंबर एकच बघून घ्या. विणताना पट्टा कुठे संपवायचा हे मी गुंड्याच्या वजनावरून ठरवते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर गुंडा ठेवला की झालं, आमचे दुकानदार भाऊ नाही म्हणत नाहीत.

दोन धागे घेतले की १० नंबरच्या सुया चालणार नाहीत, पांघरूण फळीसारखं कडक होईल. आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. १० म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ म्हणजे ४, ६ म्हणजे ५. तुम्ही ६ नंबर घ्या. आधी हातभर नको, पण १० सेंटीमीटरचा चौकोन विणून बघाच. बाळाचं आहे, हातात मऊ पडलं पाहिजे.

एवढं केल्यावरही एका छटेतून दुसरीत जाताना पुसटशी रेघ राहते. ती घालवायला दोन्ही छटा काही ओळी एकमेकींत गुंतवा. जुन्या छटेच्या ४ ओळी, नवीच्या २. मग जुनीच्या २, नवीच्या २. मग जुनीच्या २, नवीच्या ४. आणि पुढे नवीच. सोळा ओळींत काम होतं. जुन्या-नव्या ओळी आठ-आठच होतात, त्यामुळे लोकरीचा हिशोबही बिघडत नाही. ओळी नेहमी सम घ्या. एक ओळ विणून रंग बदलायला गेलात तर हवा असलेला धागा दुसऱ्या टोकाला अडकलेला असतो. सम ओळींत तो परत त्याच कडेला येतो, तोडायची गरज पडत नाही. रिकामा धागा कडेने वर नेताना दर दोन ओळींनी चालू धाग्याला एक वेढा द्या आणि सैल सोडा, ओढलात तर कड आखडते.

विणीचाही मोठा हात असतो. सुलट बाजूने साध्या सुलट टाक्यांची ओळ नव्या रंगाने घातली की सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ येते. उलट टाक्याचा जो उंचवटा असतो, त्यात मात्र खालचा जुना रंग आणि वरचा नवा रंग एकमेकांत अडकलेले दिसतात आणि रेघ तुटते. म्हणून मी तुमच्या जागी दाणेदार वीण घेईन: एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत दाण्यावर सुलट टाका येईल असं. टाके विषम घाला, म्हणजे प्रत्येक ओळ सुलटने सुरू होते आणि सुलटनेच संपते, काही मोजत बसावं लागत नाही. या विणीला दोन्ही बाजू सारख्या असतात आणि कडा गुंडाळत नाहीत. पांघरुणाला याहून चांगलं काय पाहिजे.

उसवायचंच नसेल, एकेरी धाग्यानेच पुढे जायचं असेल, तर दुसरा मार्ग मला करवतकाठी साडीवरून सुचला. माझं माहेर आंधळगावकडचं. तिथे लहानपणी शेजारच्या घरात कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा माग चालायचा, मी तासन्‌तास बघत उभी राहायची. अंगाचा धोटा, म्हणजे आडवा धागा टाकायचं साधन, वेगळा, दोन काठांचे दोन वेगळे. काठाचा धागा आणि अंगाचा धागा जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवून परत फिरवायचे, आणि त्यातून करवतीचे दाते उठायचे. काठ आणि अंग यांचे रंग अगदी वेगळे असूनही ती साडी दोन तुकडे जोडल्यासारखी कधी दिसत नाही. लोकरीतही सीमेला असे दाते पाडता येतात. एका ओळीत तीन टाके जुने, एक नवा. पुढच्या ओळीत एक जुना, एक नवा. तिसऱ्या ओळीत एक जुना, तीन नवे. न लागणारा धागा मागून सैल न्यायचा, तीन टाक्यांहून लांब नाही. शालीला, टोपीला हे सुंदर दिसतं. बाळाच्या पांघरुणाला मी करणार नाही, कारण मागच्या धाग्यांत त्याची बोटं अडकतात.

टोकं मात्र नीट दडवा. लोकर खरी असेल तर दोन टोकं ओली करून तळहातांवर चोळली की एकजीव होतात. अॅक्रिलिक तशी होत नाही, तिथे वीतभर टोक सोडून जाड सुईने त्याच रंगाच्या टाक्यांतून आत ओवा.

मरूनचा रंग सुटतो का हे विणण्याआधी तपासा. एक हातभर धागा ओला करून पांढऱ्या सुती कापडात दाबून ठेवा. डाग पडला तर ती लोकर साय रंगाच्या जवळ नकोच, दुसरा मरून बघा. आणि अॅक्रिलिक असेल तर विणून झाल्यावर गरम इस्त्री लावू नका, वीण कायमची लुळी पडते. ओलं करून, चादरीवर मापात पसरून वाळवलं तरी पुरे.

तुम्ही विणलेला मरूनचा तुकडा मात्र उसवा, ताई. खुर्चीच्या पाठीला गुंडाळत लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगा. खऱ्या लोकरीची वळणं निघून जातात. अॅक्रिलिकची पूर्ण निघत नाहीत, पण दोन धागे आणि दाणेदार विणीत ती दिसणारही नाहीत. वाळली की तिचं वजन करून बघा आणि मग डाळिंबी आणायला जा, जाताना मरूनचा एक धागा सोबत न्या.