छाती भरली असेल तर आधी एवढंच करा

डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की नाशिकमध्ये घरोघरी खोकला सुरू होतो, आणि नवशिके एकदम दहा जिनसांचा काढा उकळायला घेतात. तसं करू नका. एका वेळी एकच वनस्पती घ्या, म्हणजे काय मानवलं ते कळतं.

माझी पहिली पसंती अडुळशाला. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध याच्या पानांतल्या वॅसिसिन या घटकावरूनच तयार झालं. दोन-तीन पिकलेली पानं कपभर पाण्यात अर्धं होईपर्यंत उकळा, गाळा, कोमट झाल्यावर मध घाला. कडू लागणारच, नाक धरून प्या! गर्भवतींनी मात्र अडुळसा टाळावा, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, आजी कितीही म्हणोत.

ज्येष्ठमध घशाला छान, पण रक्तदाब असेल तर नको, तो वाढतो. भद्रकालीच्या बाजारातून आलं, गवती चहा आणा, तेवढा चहाही पुरतो. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकताना आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. वाफ साध्या पाण्याची घ्या. लहान मुलांना उकळत्या पातेल्याजवळ बसवूच नका, भाजतं.

दम्याचा पंप काढ्यासाठी बंद करायचा नाही. धाप लागली, ओठ निळसर दिसले, थुंकीत रक्त आलं तर काढा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते.