लॉड्स सुरू करताय? मग एवढं ऐका

आधी शब्दाची भीती घालवा. लॉड्स म्हणजे ख्रिस्ती परंपरेतली सकाळची प्रार्थना, आणि लॅटिनमध्ये 'लाउदेस' म्हणजे स्तुती. या प्रार्थनेला ते नाव पडलं, कारण तिच्यात बायबलमधली १४८, १४९ आणि १५० ही स्तोत्रं रोज म्हटली जात आणि त्यांत 'लाउदाते', म्हणजे 'स्तुती करा', सारखं येतं. कॅथलिक चर्चच्या १९११ च्या फेरबदलात ती रोजची प्रथा गेली, नाव मात्र टिकलं.

आता कॅथलिक प्रार्थनापुस्तकात स्तोत्रं चार आठवड्यांच्या चक्रात येतात. पुस्तकातल्या पान-खुणेच्या फिती रात्रीच लावून ठेवा, नाहीतर माझ्यासारखं मंगळवारी सोमवारचंच म्हणत बसाल. घाई असेल तर एक स्तोत्र आणि बायबलमधलं जखऱ्याचं गीत (लूक १:६८-७९), बास. पण मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलं की पहाटे हमखास डुलकी लागते.