पालकांचे प्रश्न : मुलगा म्हणतो, क्लास सोडायचा आहे

प्रश्न : आमचा मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे. दहावीला ९३ टक्के मिळाल्यावर जेईईच्या तयारीसाठी आम्ही त्याला इंटिग्रेटेड क्लासला, म्हणजे अकरावी-बारावी आणि जेईई दोन्हींचा अभ्यास एकत्र घेणाऱ्या क्लासला, घातले. कनिष्ठ महाविद्यालयातला प्रवेश केवळ नावापुरता आहे. सकाळी सातला घरातून निघतो, तो रात्री साडेआठला परततो. दिवाळीनंतरच्या चाचणीत गुण घसरले म्हणून त्याला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये बसवले. तेव्हापासून तो धड जेवत नाही, आमच्याशी बोलत नाही, रात्री दोन-अडीचपर्यंत जागा असतो आणि रविवारचे क्रिकेटही बंद झाले आहे. परवा म्हणाला, ‘मला क्लास सोडायचा आहे.’ ह्यांचे म्हणणे, दोन वर्षांची फी भरून झाली आहे, आता थोडे महिने कळ काढावी. मी कोणाची बाजू घ्यावी?
– एक आई, धायरी

उत्तर : बाजू कोणाची, हा प्रश्न दोन दिवस लांबला तरी चालेल; एक गोष्ट मात्र आजच करा. झोप, जेवण, खेळ आणि बोलणे या चारही गोष्टी एकाच वेळी बिघडल्या आहेत, तेव्हा याला वयाचा हट्ट किंवा आळस समजू नका. त्याच्याजवळ निवांत बसा आणि स्पष्ट शब्दांत विचारा, ‘तुला जगणे नकोसे वाटते का? स्वतःला इजा करून घ्यावी असे मनात येते का?’ असे विचारल्याने नको तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती अनेक पालकांना वाटते. ती खरी नाही, उलट मनात साठलेले बोलायला त्याला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले, किंवा तो नुसताच गप्प राहिला, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते. उत्तर ‘नाही’ आले तरी इतके दिवस झोप उडालेली असताना समुपदेशकाची भेट टाळू नये, असे मला वाटते.

आता फीविषयी. तुमच्या यजमानांची काळजी मी समजू शकते, कारण ही रक्कम अनेक घरांत कर्ज काढून किंवा ठेव मोडून उभी केलेली असते. परंतु भरलेली फी मुलाला क्लासमध्ये बसवून परत मिळत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, विद्यार्थ्याने अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करणे अपेक्षित आहे. तेव्हा सोडायचे ठरलेच, तर तोंडी बोलण्यावर न थांबता लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. बॅच बदलण्याच्या बाबतीतही तुम्हाला बोलण्याचा अधिकार आहे. गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या वेगळ्या बॅच करणे, त्यांना चारचौघांत लाजवणे आणि कुवतीबाहेरची लक्ष्ये त्यांच्यावर लादणे शिक्षणसंस्थांनी, विशेषतः कोचिंग क्लासेसनी, शक्यतो टाळावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. क्लासच्या संचालकांना हे वडिलांनी जाऊन सांगितले, तर मुलाला फार मोठा आधार वाटेल.

मुलाला मात्र ‘सोडायचे की नाही’ असा एकच प्रश्न विचारू नका. त्याला अभियांत्रिकी नको आहे, जेईई नको आहे, की खालच्या बॅचमध्ये बसण्याची मानहानी नको आहे, हे त्याच्याच तोंडून कळू द्या, कारण या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. त्याला अभियांत्रिकी हवी असेल, पण जेईईचा भार पेलत नसेल, तर दारे बंद झालेली नाहीत. सीओईपीसह पुण्यातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्रवेश प्रामुख्याने राज्याच्या सीईटीवर होतात. या परीक्षेत सुमारे ८० टक्के भर बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. जेईई मेनमध्ये मात्र प्रत्येक चुकीमागे एक गुण जातो. आजवरचा त्याचा अभ्यास येथेही उपयोगी पडणारच आहे. नावापुरत्या महाविद्यालयामुळे ज्या बोर्डाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष होते, तिचे महत्त्वही विसरू नये. सीईटीमार्गे प्रवेशासाठी बारावीच्या संबंधित विषयांत खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के गुण लागतात. जेईईतून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (एनआयटी) जायचे, तर खुल्या गटाला बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत, स्थान असावे लागते. म्हणून प्रात्यक्षिकांचे आणि हजेरीचे काय झाले आहे, हे या आठवड्यात महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

माझे मत विचाराल, तर त्याला आठ दिवस क्लासमधून सुटी द्या, त्या दिवसांत गुण, बॅच आणि रँक हे शब्द घरात काढू नका, आणि त्यानंतर तिघांनी मिळून उरलेल्या महिन्यांचा बेत कागदावर लिहा. त्यात झोपेचे सात-आठ तास आणि रविवारचे क्रिकेट सर्वांत आधी मांडा. तो म्हणेल तसे करावे असे मी सुचवत नाही. बारावीची परीक्षा देण्याचा आग्रह तुम्ही जरूर धरा. पण कोणत्या परीक्षेसाठी किती जीव ओतायचा, हे ठरवण्याचा मान त्याचा आहे.

प्रश्न : मुलगी यंदा दहावीला आहे. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात शहरातील नामांकित महाविद्यालयेच वर टाका, असे नातेवाईक सांगतात. दहा पसंती कशा लावाव्यात?
– एक वडील, हडपसर

उत्तर : तिला जेथे खरोखर जायचे आहे, तेच महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर ठेवा. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांत भाग घेता येत नाही, असा नियम २०२५-२६ च्या प्रक्रियेत होता आणि तो अनेक घरांत उशिरा लक्षात येतो. यंदाचे नियम जाहीर झाले की तेही वाचा. गेल्या वर्षीचे कटऑफ पाहून काही पसंती तिच्या गुणांच्या वरच्या, काही बरोबरीच्या आणि काही नक्की मिळतील अशा लावा. हडपसरहून फर्ग्युसन रस्त्यापर्यंत रोज जाऊन येण्यात जो वेळ जाईल, तो दोन वर्षे तिच्या झोपेतून आणि अभ्यासातून कापला जाणार आहे. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी कामाच्या दिवशी, महाविद्यालयाच्या वेळेला, तिच्याबरोबर पीएमपीच्या बसने एकदा जाऊन या. आरक्षणातून अर्ज करणार असाल, तर लागणारे दाखले निकालापूर्वीच काढून ठेवा, कारण जूनमध्ये दाखल्यांसाठी मोठी गर्दी असते.