मैत्रिणी म्हणतात, तू शिक्षिकाच हो

«ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय गणित. परीक्षेच्या आदल्या दिवशी मैत्रिणी माझ्याकडून गणितं समजून घेतात आणि 'तू शिक्षिकाच हो' म्हणतात. मलाही तसं वाटतं. पण चारचौघांत बोलताना माझा आवाज कापतो. लहान मुलं आवडतात का, तेही नक्की सांगता येत नाही. बाबा म्हणतात, 'हुशार मुलीने मास्तरकीत का अडकायचं?' ठरवायला तर हवं, पण ठरत नाही. काय करू? – संभ्रमात»

प्रिय संभ्रमात,

तुझ्या मैत्रिणी खोटं बोलत नाहीयेत. तुला समजावून सांगता येत असणार, नाहीतर परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी कुणाकडे जाऊन वेळ घालवत नाही. पण त्या स्वतःहून आल्या होत्या. काय अडलंय ते त्यांना ठाऊक होतं आणि उद्याचा पेपर मानगुटीवर होता. वर्गातल्या मुलाने तुला बोलावलेलं नसतं. आपल्याला काय कळलेलं नाही, हेही त्याला बरेचदा सांगता येत नाही. त्यामुळे मैत्रिणींच्या शाबासकीवर एवढा मोठा निर्णय सोडू नकोस.

डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली या गोष्टीवर नेमकं बोट ठेवलं होतं. आपण सगळे वर्षानुवर्षं शिक्षकांना बघत मोठे होतो, म्हणून हे काम आपल्याला माहीत आहे असं वाटतं. पण बाकावरून फक्त शिकवणं दिसतं, त्यामागे चाललेला विचार दिसत नाही. तो कसा असतो, ते एका उदाहरणातून बघ.

५२ वजा ३८. एक मुलगा उत्तर लिहितो, २६. 'लक्ष कुठे आहे तुझं?' म्हणून फुली मारून पुढे जाता येतं. पण जरा थांब. एकक स्थानी वर २, खाली ८. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून दोन काढले, उरले ६. पाचातून तीन गेले, उरले २. आता त्याला ७१ वजा ४५ दे. तो बहुतेक ३४ लिहील. म्हणजे मुलगा धांदरट नाही. त्याच्याकडे एक नियम आहे, मोठ्यातून लहान वजा करायचं, आणि तो नियम तो इमानाने पाळतोय. हातचा का घ्यायचा, हे त्याला कधी पटलेलंच नाही. त्याला तीच रीत दहा वेळा घोकायला लावून काही होत नाही. दहाच्या जुडीचा दोरा सोडून सुट्या काड्या त्याच्या हातात द्याव्या लागतात.

हे वाचताना तुला पुढचं जाणून घ्यावंसं वाटलं का? की 'एवढं साधं कसं येत नाही' असं मनात आलं? माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. गणिताची आवड हवीच, पण दुसऱ्याच्या चुकीत रस वाटणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि शिक्षकाचा दिवस त्या रसावर निभतो.

आवाज कापण्याची भीती मला तुझ्याइतकी मोठी वाटत नाही. पाठ रोज घेतला की आवाज स्थिरावतो. शिवाय शिकवणं म्हणजे भाषण नव्हे. मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. कमी बोलणाऱ्या माणसाला हे थांबणं कदाचित सोपं जाईल.

मुलं आवडतात का, याचा विचार करताना वयही बघ. सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग आणि सोळा वर्षांच्यांचा वर्ग ही जवळजवळ दोन वेगळी कामं आहेत.

आता बाबा. त्यांचं बोलणं लागलं असेल, पण त्यात काळजीही आहे आणि ती बिनबुडाची नाही. २०३० पर्यंत जगाला सुमारे ४ कोटी ४० लाख नवे शिक्षक लागतील, असा युनेस्कोचा अंदाज आहे, आणि त्यातली निम्म्याहून अधिक गरज पेशातून बाहेर पडणाऱ्यांच्या जागा भरण्याची आहे. म्हणजे काम आहे, पण ते सोडणारेही खूप आहेत. तेव्हा पाच-सहा वर्षं शिकवत असलेल्या कुणाला तरी भेटून स्पष्ट विचार: पगार किती, नोकरी कायमची की कंत्राटी, वह्या तपासणं आणि कागदपत्रं घरी किती येतात, पालकांच्या तक्रारी कोण झेलतं. ही माहिती हातात घेऊन बाबांशी बोल. 'मला आवडतं' एवढ्यावर ते ऐकणार नाहीत. मात्र हुशार माणसाने शिकवू नये, हे मला अजिबात मान्य नाही. त्या २६ मागचा नियम ओळखायला हुशारीच लागते.

ठरवायची घाई नको. गणिताची पदवी पूर्ण कर, ती कुठेही कामाला येईल. दरम्यान ज्याला गणित नकोसं झालंय, असं एक मूल शोध आणि दोन-तीन महिने, आठवड्यातून दोनदा त्याला शिकव. हुशार मूल घेऊ नकोस, ते तुझ्याशिवायही शिकेल. एक वही ठेव आणि त्यात फक्त त्याच्या चुका लिही, प्रत्येकीपुढे 'त्याने असं का केलं असेल' याचा तुझा अंदाज. तीच चूक चौथ्यांदा झाली की मनात काय येतं, तेही लिही. चीड येईलच, सगळ्यांना येते. ती ओसरल्यावर पुन्हा त्या वहीकडे हात जातो का, ते बघ. जात नसेल तर तू नापास झालीस असं समजू नकोस. गणिताला दुसऱ्या वाटा पुष्कळ आहेत.

वही जरा भरली की मला पुन्हा लिही. त्यातल्या दोन-तीन चुका पत्रात नक्की पाठव, त्यावर आपण बोलू.

तुझी,
ताई