कंचेभागुबेव आणि सी : आधी काय चालतं?

प्रश्न : सी या प्रोग्रामिंग भाषेत क मध्ये ५ आहेत; ++क म्हणजे क एकने वाढवून वापरणं. ++क + ++क चं उत्तर माझ्याकडे जीसीसीवर १४ येतं, मैत्रिणीकडे क्लँगवर १३. कोणाचा कंपायलर (सीचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) चुकतोय?

उत्तर : कोणाचाच नाही, एक्सप्रेशनच चुकीचं आहे. जीसीसीने दोन्ही वाढी आधी उरकल्या, क मध्ये ७ झाले, मग ७ + ७. क्लँगने पहिल्या वाढीनंतरचे ६ बाजूला ठेवले, दुसरी वाढ केली आणि ६ + ७ केले. एकाच व्हेरिएबलमध्ये दोन बदल आणि त्यांचा आपसातला क्रम ठरलेला नसेल, तर सीच्या प्रमाणानुसार त्या प्रोग्रामच्या वागण्याला कसलाच नियम उरत नाही. १३ किंवा १४ पैकीच एक येईल, ही हमीसुद्धा नाही. परीक्षेत असे प्रश्न अजून विचारतात, ते बंद व्हायला हवेत. जीसीसीला ‘-Wall’ (वॉल) हा पर्याय (डब्ल्यू कॅपिटल) द्या; तो अशा ओळीवर इशारा देतो.

प्रश्न : फ() + ग() * ह() मध्ये गुणाकार आधी, म्हणजे फ शेवटी चालणार ना?

उत्तर : तसं नाही. शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ एवढंच ठरवतं की गुणाकार ग आणि ह यांच्या उत्तरांचा होईल. तिन्ही फंक्शन कोणत्या क्रमाने बोलवायची, हे कंपायलरच्या मर्जीवर. याचा खरा फटका फाइल वाचताना बसतो. गेटचार() दर वेळी पुढचा एक बाइट वाचतं. दोन बाइटची संख्या वाचायला, म्हणजे पहिला बाइट आठ बिट डावीकडे सरकवून दुसरा त्याला जोडायला, (गेटचार() << ८) | गेटचार() लिहिलं, की उजवीकडचं गेटचार आधी चालून बाइट उलटे लागू शकतात. इथे कंस वाढवून काही होत नाही. पहिला बाइट एका व्हेरिएबलमध्ये घ्या, दुसरा पुढच्या ओळीत दुसऱ्यात, मग जोडा.

प्रश्न : प्रिंटएफला क, क++ असं दिलं. स्वल्पविरामाने क्रम ठरत नाही का?

उत्तर : तो स्वल्पविराम फक्त आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेल्या किमती) वेगळे करतो, क्रम पाळणारा कॉमा ऑपरेटर निराळा. यादी[क] = क++ मध्येही क्रम ठरलेला नाही. सी प्लस प्लस १७ मध्ये तिथे उजवी बाजू आधी ठरलेली आहे, सीमध्ये नाही.

प्रश्न : मग भरवसा कशावर ठेवायचा?

उत्तर : &&, ||, ?: आणि कॉमा ऑपरेटर. यांत डावा भाग पूर्ण झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. म्हणून प != नल && प->वय > १८ सुरक्षित आहे: प नल, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा पॉइंटर, असेल तर वय वाचलंच जात नाही. घाईत एकच & पडला, तर दोन्ही बाजू तपासल्या जातात आणि प नल असेल तर प्रोग्राम बहुधा तिथेच कोसळतो.