जबल मूसा चढणार असाल तर
इजिप्तच्या सिनाईतला हा डोंगर २,२८५ मीटर उंच आहे. वाळवंट म्हणजे उकाडा, असं समजून लोक पातळ कपड्यांत येतात. हिवाळ्यात तर पहाटे शिखरावर पाणी गोठतं. स्वेटर, जाकीट, कानटोपी घ्याच. पण चढताना जाकीट पिशवीत ठेवा, नाहीतर घामाने भिजून वर कुडकुडत बसाल. बेदुईन, म्हणजे तिथल्या वाळवंटी टोळीतला, वाटाड्या सोबत लागतोच. सूर्योदय गाठायचा तर रात्री दोनच्या सुमारास उंटांच्या वाटेने निघा. शेवटच्या सुमारे ७५० पायऱ्या मात्र सगळ्यांनाच पायी. उतरताना जुनी ३,७५० पायऱ्यांची वाट फार देखणी, पण दगड ओबडधोबड. गुडघे दुखत असतील तर टाळा. पायथ्याचा सेंट कॅथरिन मठ सकाळी थोडाच वेळ उघडतो, शुक्रवारी-रविवारी सहसा बंद.