चाकणला वेल्डिंग लाइनवर रोबोट येतायत, माझी नोकरी जाईल का?

हेल्पर किंवा फक्त गन धरणारा असशील तर धोका खराच आहे, खोटा धीर देत नाही. पण रोबोटलाही माणूस लागतोच. स्पॉट वेल्डिंगची टिप (पत्र्यावर दाबलं जाणारं गनचं टोक) झिजून चपटी होते, ती वेळेवर ड्रेस केली नाही, म्हणजे तासून परत आकारात आणली नाही, तर वेल्ड कच्चा राहतो. आणि कच्चा वेल्ड ओळखणारी नजर तुझ्याकडे आहे, नुसता डिप्लोमा झालेल्या पोराकडे नाही. मेंटेनन्सवाल्यांशी दोस्ती कर, टीच पेंडंट (रोबोटला हालचाली शिकवायचा हातातला रिमोट) हातात घे (चहा तुझ्याकडून!).

पर्मनंट असशील आणि सलग एक वर्ष भरलं असेल तर कपातीआधी किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, हा कायद्याने हक्क आहे. कंत्राटी पोरांचा मात्र बहुतेकदा गेटपासच बंद होतो.